घरोघरचें इंटरनेट : लहान पुरवठादार आणि त्याचे ग्राहक

मुंबईच्या एखाद्या घरांत नळाला पाणी कमी येऊं लागलें, तर तें तानसा, वैतरणा किंवा भातसा येथून येतें, वाटेंत मोठमोठे नळ आहेत आणि इमारतीच्या टाकींत तें सांठविलें जातें, इतकें तरी घरांतल्या वडील माणसास ठाऊक असतें. विजेचीही वाट ढोबळ मानानें माहीत असते. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जो तिसरा प्रवाह घरांत शिरला, त्या इंटरनेटविषयीं सुशिक्षित कुटुंबांतही विलक्षण अज्ञान दिसून येतें. महिन्याचे पैसे भरले आणि भिंतीवरच्या डबींत हिरवा दिवा लागला कीं तें आहे. दिवा तांबडा झाला कीं तें नाहीं. एवढ्यावरच बहुतेकांचें ज्ञान संपतें. मुलाचा अभ्यास, सुनेची कचेरी, बँकेचा व्यवहार आणि परदेशीं असलेल्या मुलीची आजीशीं होणारी भेट हीं सारीं ज्या एका धाग्यावर लोंबत आहेत, तो धागा कोठून येतो आणि कोणाच्या हातांत आहे, हें जाणून घेणें आतां हौसेचें राहिलेलें नाहीं.

शहरांत हा प्रवाह घरापर्यंत आणून देणारे व्यावसायिक दोन प्रकारचे आढळतात. एक, देशभर पसरलेल्या प्रचंड कंपन्या. आणि दुसरे, एखाद्या उपनगरापुरते, पेठेपुरते किंवा चारदोन रस्त्यांपुरते काम करणारे स्वतंत्र लहान पुरवठादार. या दुसऱ्या वर्गाविषयीं ग्राहकांचीं मतें ऐकूं गेल्यास मोठा विरोध दृष्टीस पडतो. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ सांगतात कीं, असा माणूस दुसरा मिळणार नाहीं. रात्रीं नऊला फोन केला तर साडेनऊला शिडी घेऊन हजर होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई सांगतात कीं, सकाळीं सगळें सुरळीत असतें आणि रात्रीं जेवणें आटोपून बसावें तों पडद्यावरचें चित्र अडकलेंच म्हणून समजावें. पुरवठादार एक, तार एक, पैसेही तितकेच. मग खरें कोणाचें? खरें दोघांचेंही आहे. मात्र तें कसें, हें समजण्यासाठीं या धंद्याचा थोडा इतिहास आणि त्यांतील यंत्रांची थोडी रचना पाहिली पाहिजे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत सर्वसामान्य जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें. त्या काळीं तें टेलिफोनच्या तारेवरून येई, आणि तें चालू असे तोंवर घरचा टेलिफोन अडून राही. नोव्हेंबर १९९८ मध्यें खासगी व्यावसायिकांना या क्षेत्राचें दार उघडलें. परवान्यांचे तीन वर्ग ठरविण्यांत आले. पहिला सबंध देशासाठीं, दुसरा राज्याएवढ्या मंडळासाठीं किंवा महानगरासाठीं, आणि तिसरा साधारणपणें जिल्ह्याएवढ्या लहान क्षेत्रासाठीं. या तिसऱ्या वर्गानें लहान माणसाला धंद्यांत जागा करून दिली. त्याच्यासाठीं वाटही आधींच तयार होती. १९९१ नंतर उपग्रहावरून येणारे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम घरोघर पोंचविण्यासाठीं केबलवाल्यांनीं एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर तारा ओढल्या होत्या. घरोघरची ओळख होती आणि महिन्याच्या महिन्याला पैसे गोळा करणारा मुलगाही होता. त्याच वाटेनें पुढें तांब्याची तार आली, आणि तिच्या मागून कांचेचा तंतु आला.

येथें एक भेद लक्षांत ठेवला पाहिजे. गल्लींत ज्याचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे, तो प्रत्येक वेळीं स्वतः परवानाधारक असतोच असें नाहीं. पुष्कळदां तो एखाद्या मोठ्या परवानाधारकाचा स्थानिक भागीदार असतो. तार त्याची, माणसें त्याचीं, वसुलीही त्याची. पण पावतीवर नांव दुसऱ्याचें, आणि मिळालेल्या पैशांत दोघांचा वांटा. अशा ठिकाणीं बिघाड झाला म्हणजे गल्लींतला माणूस वरच्या कंपनीकडे बोट दाखवितो, आणि वरची कंपनी गल्लींतल्या माणसाकडे. म्हणून घरचें इंटरनेट नक्की कोणाचें आहे, या प्रश्नाचें उत्तर ग्राहकानें पावतीवरून मिळवावें. दारावर येणाऱ्या माणसाच्या ओळखीवरून नव्हे.

आतां यंत्रांकडे वळूं जातां, घरांत येणारा कांचेचा तंतु अवघा ०.१२५ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या गाभ्यांतून प्रकाशाचे स्पंद धांवतात, आणि त्या स्पंदांतच सारा मजकूर सांठविलेला असतो. हा तंतु सरळ पुरवठादाराच्या केंद्रापर्यंत जात नाहीं. वाटेंत, बहुधा जिन्याखालीं किंवा खांबावर, एक लहानशी पेटी असते. तिला स्प्लिटर म्हणतात. केंद्राकडून आलेल्या एका तंतूंतील प्रकाश ती बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वांटून देते. या वांटणीला वीज लागत नाहीं, म्हणून ही पद्धति स्वस्त आणि टिकाऊ ठरली. पण तिची एक अट आहे: प्रकाश आधींच वांटला गेल्यामुळें घरापर्यंत तो क्षीण होऊन येतो. तेव्हां कपाट भिंतीला टेकवितांना तो तंतु काटकोनांत दुमडला गेला, तर उरलासुरला प्रकाश तेथेंच गळून जातो आणि डबीवर 'एल-ओ-एस' या अक्षरांखालचा तांबडा दिवा लुकलुकूं लागतो. याचा अर्थ प्रकाश पोंचत नाहीं, एवढाच. दोष रस्त्यावर असेल, पण कपाटामागेंही असूं शकेल. माणसाला बोलावण्यापूर्वीं कपाट ओढून पाहण्यास खर्च येत नाहीं.

या पद्धतीच्या सर्वसामान्य प्रकारांत एका तंतूवरून घरांकडे सेकंदाला सुमारें २,४८८ मेगाबिट मजकूर जाऊं शकतो. चौसष्ट घरांना प्रत्येकीं १०० मेगाबिटांचा प्लॅन विकला, तर मागणीची बेरीज होते ६,४००. म्हणजे जितकें आहे त्याच्या अडीचपट विकलें. कोणी म्हणेल, ही उघड फसवणूक आहे. पण तसें नाहीं. चौसष्ट घरांतील सर्व नळ एकाच क्षणीं पूर्ण उघडले जात नाहींत, याच भरंवशावर पाणीपुरवठाही चालतो. एक माणूस वाचीत असतो, दुसरा झोपलेला असतो, तिसऱ्याच्या घराला कुलूप असतें. प्रश्न वांटून घेण्याचा नाहीं. किती जणांत वांटलें, याचा आहे.

आणि ही वांटणी एवढ्यावर थांबत नाहीं. लहान पुरवठादाराला स्वतःचें इंटरनेट मोठ्या कंपन्यांकडून घाऊक भावानें विकत घ्यावें लागतें. समजा, त्यानें १०,००० मेगाबिट विकत घेतले आणि दोन हजार घरांना जोडणी दिली. सगळे एकदम बसले तर घरटीं पांच मेगाबिट येतात, आणि चांगल्या प्रतीचा एक चित्रपट पाहण्यास साधारण तेवढेच लागतात. तोंवर कोणाची तक्रार येत नाहीं. पुढें तेवढ्याच पुरवठ्यावर घरें चार हजार झालीं, तर दुपारीं कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं. पण रात्रीं नऊ ते अकरा या वेळांत सारा डोलारा वांकूं लागेल. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार या आडाविषयीं आहे. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांची प्रशंसा पोहरा ओढणाऱ्या माणसाविषयीं आहे. म्हणूनच दोघांचें म्हणणें एकाच वेळीं खरें ठरतें.

या ठिकाणीं एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. प्लॅनमधला आंकडा मेगाबिटांचा असतो. फाइल उतरवून घेतांना पडद्यावर दिसणारा आंकडा बहुधा मेगाबाइटांचा असतो. आठ बिट मिळून एक बाइट होतो. तेव्हां १०० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदाला बारा मेगाबाइट उतरत असतील, तर पुरवठादारानें आठपटीनें लुबाडलें असें नव्हे, शब्द पाळला असें समजावें.

याहून चमत्कारिक वाटणारा अनुभव निराळाच आहे. गति मोजण्याचा प्रयोग केला तर आंकडा पुरेपूर येतो, चित्रपटही उत्तम चालतो, पण कचेरीची सभा मात्र तुटत राहते. याचें कारण असें कीं, चित्रपट आणि चित्रफिती पुरविणाऱ्या कांहीं मोठ्या कंपन्या आपल्या मालाचें कोठारच पुरवठादाराच्या केंद्रांत आणून ठेवतात. लोकप्रिय चित्रपट समुद्रापलीकडून येत नाहीं, दोन-चार कोसांवरून येतो. गति मोजणारें यंत्रही पुष्कळदां याच जाळ्यांत जवळ बसविलेलें असतें. कचेरीचा मजकूर मात्र बाहेरच्या घाऊक वाटेनेंच जातो, आणि गर्दी असते ती त्या वाटेवर. देशांतला मजकूर देशांतच बदलला जावा म्हणून २००३ साली राष्ट्रीय इंटरनेट विनिमय केंद्राची संस्था स्थापन झाली. जो पुरवठादार अशा केंद्रांशीं स्वतःला जोडून घेतो, त्याच्या ग्राहकाचा संदेश विनाकारण लांबचा फेरा मारीत नाहीं. जाहिरातींत हें कोठें छापलेलें नसतें. पण गतीच्या आंकड्यापेक्षां याचें महत्त्व अधिक आहे.

लहान पुरवठादाराच्या ग्राहकाला आणखी एक अडचण भेटते. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते सारे मिळून सुमारें ४२९ कोटी. आणि आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा सांठा एप्रिल २०११ मध्येंच जवळजवळ संपला. ज्या कंपन्या आधीं आल्या त्यांच्यापाशीं पत्ते आहेत. मागाहून आलेल्या लहान पुरवठादाराला एकच पत्ता अनेक घरांत मिळून वापरावा लागतो. रोजच्या कामांत याचा पत्ता लागत नाहीं. पण गांवीं गेलेल्या गृहस्थाला घरच्या कॅमेऱ्यांतून दार पाहावयाचें असेल, तर बाहेरून येणाऱ्या हांकेला कोणत्या घरानें ओ द्यावी हेंच ठरत नाहीं. शेजारच्या कोणी आगळीक केली, तर सगळ्यांच्याच मागें 'आपण मनुष्यच ना?' असा पडद्यावरचा प्रश्न लागतो. यावर उपाय दोन: स्वतंत्र पत्ता वेगळे पैसे भरून मागणें, किंवा नव्या पद्धतीचे विपुल पत्ते देणारा पुरवठादार निवडणें.

तथापि सर्वच दोष पुरवठादाराच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. तंतु दिवाणखान्यापर्यंत येतो. तेथून पुढें माजघरापर्यंत मजकूर जातो तो बिनतारी लहरींनीं. त्या लहरींचा एक पट्टा लांब पोंचतो पण मंद असतो, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या यंत्रांनीं गजबजलेला असतो. दुसरा पट्टा जलद असतो पण एकदोन भिंतींतच दमतो. राउटर लाकडी कपाटांत देवाच्या फोटोमागें ठेवावा आणि शेवटच्या खोलींतून तक्रार करावी, हा प्रकार घरोघर चालतो. तेव्हां तक्रार करण्यापूर्वीं संगणक तारेनें राउटरला जोडून गति पाहावी. तारेवर चांगली आणि खोलींत वाईट, तर दोष घराचा. तारेवरही वाईट, तर दोष बाहेरचा.

आतां माणसांचा भाग. लहान पुरवठादाराचें बळ आणि त्याची दुर्बलता हीं दोन्ही एकाच ठिकाणीं वसतात. त्याचा वायरमन सोसायटीच्या रखवालदाराला नांवानें ओळखतो; कोणत्या गच्चीवरून कोणती तार गेली तें त्याच्या डोक्यांत असतें. मोठ्या कंपनींत ग्राहकाला तक्रारीचा क्रमांक मिळतो, आणि कित्येकदां माणूस येण्यापूर्वींच 'तक्रार निवारण झाली' असा निरोप येतो. परंतु ज्या दिवशीं तो एकटा वायरमन तापानें अंथरुणावर पडतो किंवा गणपतीला गांवीं जातो, त्या दिवशीं तें सारें ज्ञानही त्याच्याबरोबर जातें. पावसाळ्यांत झाड पडलें, रस्ता खणतांना तंतु तुटला, उंदरानें आवरण कुरतडलें, कीं दहा वाटांनीं एकदम तक्रारी येतात, आणि हात मात्र दोनच असतात. केंद्रावरची बॅटरी जुनी झाली असेल, तर घरांत वीज असूनही इंटरनेट नसतें, कारण वीज पलीकडच्या रस्त्यावर गेलेली असते.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे ग्राहकाच्या हातून निवड निसटणें. कांहीं इमारतींत सोसायटीचे पदाधिकारी एकाच पुरवठादाराशीं करार करतात आणि दुसऱ्याची तार जिन्यावर चढूं देत नाहींत. ज्या घरासमोर दुसरें दार नाहीं, त्या घरच्या तक्रारीला धार राहत नाहीं. शिवाय वर्षभराचे पैसे आगाऊ घेऊन स्वस्त दर देण्याची प्रथा आहे. तो पुरवठादार मध्येंच धंदा सोडून गेला किंवा विकला गेला, तर ती स्वस्ताई महाग पडते. या धंद्यांत मोठा मासा लहानाला गिळतो, हें नवीन नाहीं. ऑक्टोबर २०१८ मध्यें रिलायन्सनें हाथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत नियंत्रणापुरता हिस्सा घेण्याचें जाहीर केलें. म्हणजे गिळले जाणारेही नेहमीं लहानच असतात असें नाहीं.

अशा वेळीं कायदा ग्राहकाच्या पाठीशीं कितपत आहे? २००४ च्या धोरणांत सेकंदाला २५६ किलोबिट गतीच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणण्याची मुभा होती. जानेवारी २०२३ पासून हें नांव मिळविण्यास किमान २ मेगाबिट लागतात. २०१२ च्या नियमांप्रमाणें प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि तेथें समाधान न झाल्यास तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जातां येतें. त्यापुढें काय, याविषयीं बरेच दिवस संदिग्धता होती. कारण २००९ च्या एका निकालामुळें दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक मंचापुढें चालत नाहींत असा समज रूढ झाला होता. १६ फेब्रुवारी २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें खासगी दूरसंचार कंपनीविरुद्धचें गाऱ्हाणें ग्राहक मंचाला ऐकतां येतें असा निर्णय दिला. मात्र न्याय मागणाऱ्याच्या हातीं पुरावा हवा. पैसे रोख दिले आणि पावती घेतली नाहीं, तक्रार जिन्यांत तोंडीं सांगितली, अशा ग्राहकाला कायदाही फारसें साह्य करूं शकत नाहीं. ओळखीच्या माणसाकडे पावती मागणें हा अविश्वास नव्हे. दोघांचेंही त्यांत संरक्षण आहे.

स्वतंत्र पुरवठादार म्हणजे गल्लींतला एकांडा माणूसच असतो असेंही नाहीं. इंग्लंडमध्यें लँकेशायर परगण्यांतील लून नदीच्या खोऱ्यांत विखुरलेलीं खेडीं आहेत. मोठ्या कंपन्यांना तेथें तंतु टाकणें परवडत नव्हतें. तेव्हां २०११ साली तेथील रहिवाशांनीं 'ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ' नांवाची लोकहितार्थ संस्था काढली. शेतकऱ्यांनीं आपल्या शेतांतून तंतु नेण्यास विनामूल्य परवानगी दिली, कित्येकांनीं स्वतः चर खणले, भांडवल गांवकऱ्यांनीं भाग घेऊन उभें केलें, आणि महिना ३० पौंडांत १,००० मेगाबिटांची जोडणी घरोघर गेली. आणि तीही येणारी व जाणारी अशी दोन्हीकडे सारख्याच गतीची. तेथें भाग कितीही असोत, सभासदास मत एकच. या कामांत खरा खर्च कांचेचा नसून खणण्याचा आणि परवानगीचा असतो, हें त्या खेड्यांनीं दाखवून दिलें. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर नागरिकांनीं कुदळ हातीं घ्यावी असें कोणी म्हणणार नाहीं. पण जिना, गच्ची आणि तार नेण्याची परवानगी या तीन वस्तु शहरांतल्या सोसायटीच्याही मालकीच्या आहेत. त्या फुकट देऊन टाकण्याऐवजीं त्यांच्या बदल्यांत दोन पुरवठादारांना प्रवेश, बिघाड दुरुस्तीची लेखी मुदत आणि बॅटरीची हमी मागतां येते. एकेकट्या घराला न मिळणाऱ्या गोष्टी पन्नास घरांना एकत्र मिळतात.

ज्यास नवी जोडणी घ्यावयाची आहे त्यानें कांहीं साधे प्रश्न विचारावे. परवाना कोणाच्या नांवावर आहे? घाऊक पुरवठा एकाच वाटेनें येतो कीं दोन? केंद्रावर वीज गेल्यास तें किती वेळ चालतें? आगाऊ पैसे परत मिळण्याची अट कोणती? आणि हे विचारून झाल्यावर त्याच इमारतींतल्या एखाद्या ओळखीच्या घरीं रात्रीं दहाच्या सुमारास जाऊन पाहावें. सकाळचा अनुभव साक्षीस चालत नाहीं. प्रथम पैसेही एकाच महिन्याचे द्यावे.

जो लहान पुरवठादार या प्रश्नांचीं उत्तरें सरळ देतो, ग्राहक वाढले तसा वरचा पुरवठाही वाढवितो, आणि बिघाड झाल्यास तो कोठें आहे व किती वेळ लागेल तें खरें सांगतो, त्याच्या जोडणीनें घरें सुखी होतात आणि मोठ्या कंपन्यांवरही वचक राहतो. असा माणूस पेठेंत असेल, तर चार रुपयांच्या सवलतीसाठीं त्याला सोडणें शहाणपणाचें नाहीं. जो उत्तरें टाळतो, त्याच्याशीं असलेली जुनी ओळख कितीही गोड असली, तरी रात्रीं दहा वाजतां ती उपयोगी पडत नाहीं. लहानपण हा गुण नव्हे आणि दोषही नव्हे. ज्याच्या हातीं घरचा हा धागा आहे त्याला प्रश्न विचारतां येतो कीं नाहीं, आणि उत्तर न मिळाल्यास दुसरें दार उघडें आहे कीं नाहीं, यावरच ग्राहकाचा अनुभव अखेर अवलंबून राहतो.